तांब्याचा तळ

गेल्या महिन्यात लेकीच्या चित्रकलेच्या क्लासच्या ग्रुपवर निरोप आला. ‘इंटरमिजिएट परीक्षेच्या स्मरणचित्रासाठी सोबतचे पाच सीन पाठ करून घ्यावेत. पालकांनी घरी रोज एक सीन काढून घ्यावा.’ खाली पाच फोटो. बाजार, बसस्टॉप, बाग, लग्नघर आणि पूर. पुराच्या चित्रात अर्धी बुडालेली झोपडी, छपरावर एक बाई, एक मूल, एक शेळी, आणि वर उजव्या कोपऱ्यात हेलिकॉप्टर.

ते हेलिकॉप्टर मी बघताक्षणी ओळखलं. आठवीत असताना मीच ते काढलं होतं. तोच फुगीर पुढचा भाग, तीच मागची बारीक शेपटी, तीच खाली सोडलेली दोरी. इतक्या वर्षांत शेळीसुद्धा बदलली नव्हती.

बायकोने निरोपाखाली अंगठा टाकला आणि स्वयंपाकाला लागली. मी मात्र एका शब्दापाशी अडकून बसलो. स्मरणचित्र पाठ करायचं. म्हणजे आठवण पाठ करायची. तीही दुसऱ्याची.

आमचं बालपण जुन्या नाशकातलं. भांडी बाजाराच्या मागच्या अंगाला एका वाड्यात दोन खोल्या. वडील एका भांड्यांच्या दुकानात कामाला होते. तेव्हा तांबट आळीतले ठोके सकाळी आमचं घड्याळ असायचे. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचा एक ठोका, त्याला चिकटून दुसरा, त्याला चिकटून तिसरा. याला मठारणं म्हणतात. ठोक्याने पत्रा कडक होतो आणि भांड्याला ती तकतकी येते जी पॉलिशने येत नाही. घागरी, हंडे, बंब, ताम्हनं, पंचपात्री, आणि गंगेचं पाणी घेऊन जायला आलेल्या यात्रेकरूंसाठी ओळीने मांडलेले गडू. (नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतो. बाहेरच्यांनी यावरून वाद घालू नये.) सांगायचा मुद्दा असा, की तांब्या ही वस्तू मी जन्मापासून बघत होतो. रोज शेकड्यांनी बघत होतो. तरी मी तांब्या पहिल्यांदा पाहिला तो आठवीच्या वर्गात.

आमच्या शाळेत चित्रकलेला एकच सर होते. पाचवी ते दहावी सगळ्या तुकड्यांना मिळून एक. आठवड्याला दोन तास. सर काही पुस्तकात लिहितात तसले ऋषितुल्य वगैरे नव्हते. तंबाखू खायचे, उन्हाळ्यात शेवटच्या तासाला खुर्चीत डुलकी काढायचे, आणि आवाज वाढला की डोळे न उघडता लाकडी पट्टी टेबलावर आपटायचे. पट्टी कधी कधी टेबलाऐवजी आमच्या हातावर यायची. त्या काळात त्याचं कोणाला काही वाटत नसे. मला वाटायचं.

तर एके दिवशी ते कापडी पिशवीतून एक पितळी तांब्या घेऊन आले. वर्गाच्या मधोमध टेबल ओढलं, त्यावर तांब्या ठेवला आणि म्हणाले, “काढा.” एवढंच. वीस मिनिटं ते खिडकीशी उभे राहिले. मग रांगांमधून फिरले, प्रत्येकाचा कागद बघितला आणि पुढे येऊन म्हणाले, “पंचावन्न जणांनी तळ सरळ काढलाय.”

खरंच होतं. तांब्याचं तोंड सगळ्यांनी गोल, लांबट, डोळ्यासारखं काढलं होतं, कारण ते तसं काढायचं असतं हे पाचवीपासून माहीत होतं. आणि तळाला सगळ्यांनी पट्टीने मारावी तशी आडवी रेघ मारली होती. एकाने धीर करून सांगितलं, “टेबलावर ठेवलाय ना सर. टेबल सपाट आहे.”

“टेबल सपाट आहे हे तुला माहितीये,” सर म्हणाले. “मी काय दिसतंय ते विचारतोय.”

आम्ही पाहिलं. पंचावन्न मुलं एका तांब्याच्या बुडाकडे टक लावून पाहत होती. आणि हळूहळू, एकेकाला, ते दिसायला लागलं. तळ वाकलेला होता. तोंडाइतकाच नव्हे, तोंडापेक्षा जरा जास्तच. नजरेपासून जितका खाली, तितका गोल. तो तसाच होता, सकाळपासून, जन्मापासून, आमच्या मोरीत, देवघरात, वडिलांच्या दुकानाच्या फळीवर.

मग सरांनी गंमत केली. तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि सावकाश वर उचलायला लागले. तोंडाची ती गोलाई बारीक होत गेली, बारीक होत गेली, आणि बरोबर आमच्या डोळ्यांच्या रेषेत आल्यावर तिची एक सरळ रेघ झाली. आणखी वर नेला तर वाक उलटा झाला आणि तांब्याचं बूड दिसायला लागलं. पुढच्या बाकावरची मुलं “ओ!” म्हणाली तेव्हा मागच्यांचं अजून व्हायचं होतं, कारण मागे जरा उंच बाक होते. त्यांचं “ओ!” दोन सेकंदांनी आलं. ते दोन वेगवेगळे “ओ!” माझ्या कानात अजून आहेत.

त्या दिवशी लक्षात आलेली दुसरी गोष्ट मला फार पुढे नीट कळली. चित्रकलेच्या तासाला शेजाऱ्याचं बघून काढण्यात अर्थच नव्हता. भूगोलात शेजाऱ्याने ‘दख्खनचे पठार’ लिहिलं असेल तर मलाही तेच लिहायचं असायचं. इथे शेजारी दीड फूट डावीकडे बसला होता, म्हणून त्याच्या तांब्यावरचा उजेड निराळ्या जागी होता. माझ्या जागेवरून त्याचा तांब्या काढला की तो चुकायचाच. पंचावन्न मुलं, पंचावन्न तांबे, सगळे वेगळे आणि सगळे बरोबर. शाळेतल्या दुसऱ्या कुठल्याही तासाला असं होत नव्हतं. बाकी सगळीकडे उत्तर आधीच सरांच्या वहीत असायचं. इथे ते सरांनाही माहीत नसायचं. माझ्या तांब्यात काय चुकलंय हे सांगायला त्यांना माझ्या बाकावर येऊन, गुडघे वाकवून, डोळा माझ्या डोळ्याच्या उंचीवर आणावा लागायचा. दुसरे कोणतेही शिक्षक कधी माझ्या जागेवर येऊन, माझ्या उंचीचे होऊन बघायला बसल्याचं मला आठवत नाही.

खोडरबर त्यांच्या तासाला दप्तरात ठेवायचा असा नियम होता. रेघ चुकली तर चुकलेली राहू द्यायची, तिच्या शेजारी बरोबर मारायची. “खोडलंस तर कुठे चुकलास ते विसरशील,” म्हणायचे. आमचे कागद त्यामुळे भयंकर दिसत. शेजारच्या शाळेतल्या मुलांचे तांबे गुळगुळीत, छायांकन केलेले, वार्षिक प्रदर्शनात लावण्याजोगे. आमचे तांबे थरथरत असल्यासारखे.

आता पुराबद्दल.

एलिमेंटरीला, म्हणजे इंटरमिजिएटच्या आधीच्या सरकारी चित्रकला परीक्षेला, आठवीत बसायचं होतं. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. सर फक्त तांबे, कांदे आणि पाने काढून घेत होते, त्यामुळे आईला काळजी लागली. वाड्यातला एक मुलगा खासगी क्लासला जायचा, मलाही घातलं. तिथे कामाची पद्धत सोपी होती. तीन माणसं शिकवली जायची. डोक्यावर पाटी घेतलेली बाई, पाठमोरा म्हातारा, फुगा धरलेलं मूल. ही तीन माणसं पक्की बसली की जगातला कोणताही विषय येऊ दे. जत्रा आली तर मागे पाळणा काढायचा, स्टेशन आलं तर मागे गाडी, बाजार आला तर मागे तंबू. बाई, म्हातारा आणि मूल आपापल्या जागी उभेच. पूर आला तर झोपडी आणि हेलिकॉप्टर.

त्याच वर्षी श्रावणात गंगेला पूर आला. नाशकात पूर मोजायची पट्टी म्हणजे नदीच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती. पाणी पायाला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, असं गावभर सांगत सुटायचं. छातीशी आलं की भांडी बाजारात हालचाल सुरू होते. नारोशंकराच्या देवळाच्या घंटेला पाणी लागलं तर मग बोलायचंच नाही. त्या दिवशी पाणी मारुतीच्या कमरेच्या वर गेलं होतं. वडील दुकानातला खालच्या फळीचा माल वर चढवत होते आणि मी मदतीच्या नावाखाली घाटाकडे पळालो.

मला ते सगळं लख्ख आठवतं. पाण्याचा रंग निळा नव्हता, जास्त उकळलेल्या चहासारखा होता. आवाज खळखळ नव्हता, खालून येणारी घरघर होती, छातीत जाणवणारी. पाण्यातून एक अख्खं दार वाहत आलं, कडीकोयंड्यासकट. एक लाल भोपळा गिरक्या घेत गेला. पायऱ्यांवर माणसांची भिंत, आणि त्या भिंतीत एक माणूस शेगडी घेऊन बसला होता. पूर बघायला आलेल्यांना भाजलेली कणसं विकत होता. लिंबू-मीठ लावून. एकीकडे गावाची दुकानं बुडायला आलेली आणि दुसरीकडे याच्या शेगडीभोवती रांग. मी शाळेत सरांना हे सांगितलं तेव्हा ते खूप हसले होते.

सप्टेंबरात परीक्षा झाली. स्मरणचित्राच्या विषयांत पूर होता. मी पेन्सिल उचलली आणि काय काढलं असेल? झोपडी काढली. छपरावर बाई, मूल, शेळी. पाणी निळं. उजव्या कोपऱ्यात हेलिकॉप्टर, जे मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. झोपडीसुद्धा कोकणातल्यासारखी, माडाचं झाड शेजारी. नाशकात माड! घरापासून पाच मिनिटांवर मारुती कमरेपर्यंत पाण्यात उभा होता, आणि मी तिकडे पाठ फिरवून आपलं हेलिकॉप्टर घासून रंगवत बसलो.

परीक्षेनंतर सरांनी विचारलं, “काय काढलंस?” मी सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले. “हेलिकॉप्टर कुठे पाहिलंस?”

“क्लासला.”

“कणीसवाला होता ना रे तुझ्याकडे,” एवढंच म्हणाले आणि पिशवी उचलून निघून गेले.

मला ए ग्रेड मिळाली. प्रमाणपत्र अजून कपाटात आहे. माझ्याकडे सरकारी शिक्का असलेली ती एकमेव थाप.

परीक्षेला शिव्या घालून मोकळं होणं सोपं आहे, पण तेही खरं होणार नाही. जमशेटजी जिजीभाईंच्या १ लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट उभं राहिलं ते आधी कारागिरांचा हात घडावा म्हणून. आपल्याकडे शाळांमधून चित्रकला शिरली तीही याच वाटेने, ‘हात आणि डोळा’ तयार करायला. ज्या घरात रंगपेटी हा चैनीचा पदार्थ होता, तिथल्या मुलाला एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या दोन कागदांनी ए.टी.डी.चा, म्हणजे कलाशिक्षकाच्या पदविकेचा, रस्ता दाखवला, पुढे नोकरी दिली, घर उभं केलं. आमचे सरही त्यातलेच असणार. संगीतात हेच काम पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी केलं. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, स्वरलिपी केली, अभ्यासक्रम आखले, आणि आयुष्याची शेवटची वर्षं आमच्या पंचवटीत रामनामात घालवली. ते गेले १९३१ साली. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं, आणि प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षांच्या पायऱ्या घराघरांत पोचल्या. त्याआधी चांगल्या घरातली मुलगी गाणं शिकते म्हटलं की लोकांच्या भुवया वर जायच्या. प्रमाणपत्राने त्या खाली आणल्या. माझी आत्या मध्यमापर्यंत शिकली ती केवळ ‘परीक्षा आहे’ असं आजोबांना सांगता आलं म्हणून. परीक्षा हे दार होतं. आपण दारातच संसार मांडला एवढंच.

आणि या दाराबाहेर काय असतं त्याचं एक उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेला एक मुलगा १८८५ साली जे. जे. मध्ये दाखल झाला. पुढे बडोद्याला कलाभवनात गेला, छायाचित्रण केलं, छपाई केली, जादूचे प्रयोग केले. सिनेमा करायचा ध्यास लागल्यावर १९१२ साली त्याने आधी काय चित्रित केलं? कुंडीतला वाटाणा. कॅमेरा समोर लावून रोज थोडंथोडं. वाटाणा फुटला, वाढला, वेल झाला आणि पडद्यावर ते सगळं काही क्षणांत घडलं. ‘अंकुराची वाढ’. तो तुकडा दाखवून दादासाहेब फाळक्यांनी भांडवल जमवलं आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. शाळांच्या सहली तिथे जातात, मुलं कारंज्याशी फोटो काढतात, आणि ‘भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक’ हे एका गुणाचं उत्तर पाठ करून परत येतात. मला मात्र त्या वाटाण्याचं कौतुक वाटतं. आजही तोच, कालही तोच, वाटाण्यात काय बघायचं? तरी रोज बघितलं.

मी स्वतः चित्रकार वगैरे झालो नाही. सातपूरच्या एमआयडीसीत माझा छोटा वर्कशॉप आहे. दोन सीएनसी मशीन, एक जुना लेथ, सहा माणसं. मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांना आम्ही सुटे भाग पुरवतो. आमच्याकडे ‘ड्रॉइंग आलं का?’ असं दिवसातून दहा वेळा विचारलं जातं आणि त्याचा रंगांशी काही संबंध नसतो.

मागच्या वर्षी एक अख्खा लॉट परत आला. पिन होती. व्यास २५.०० ते २५.०३ च्या आत हवा. गिऱ्हाइकाकडे मोजला तर निम्म्या पिना २५.०६. मी तपासणीचा तक्ता काढला. तासाला पाच नग मोजून आकडे भरायचे असतात. तक्ता अगदी देखणा. २५.०१, २५.०२, २५.०१, २५.०१, २५.०२. दुपारीही तेच, संध्याकाळीही तेच. ऑपरेटरला बोलावलं. बावीस वर्षांचा पोरगा, आयटीआय झालेला, कामाला चांगला. त्याला विचारलं, “मोजलंस का?”

तो खोटं बोलला नाही. म्हणाला, “सकाळी मोजलं होतं साहेब. मशीन सेट होतं. म्हणजे तेच येणार ना.”

इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं पातं, झिजत गेला होता. झिजेल तसा व्यास वाढत गेला होता. सकाळी बरोबर असलेली गोष्ट दुपारी बरोबर नव्हती. मायक्रोमीटर त्याच्या हाताशी, पिना समोर ट्रेमध्ये, आणि तो माहीत असलेलं लिहीत होता. टेबल सपाट आहे ना सर.

मी त्याला सरांची गोष्ट सांगणार होतो. सहज विचारलं, “शाळेत चित्रकला होती का रे तुला?”

“होती ना साहेब. इंटरमिजिएट झालीये. बी ग्रेड.”

मी काय बोलणार? बी ग्रेडचे दहावीच्या निकालात ५ गुण मिळतात. ए ला ७, सी ला ३. त्याला ते मिळालेही होते. हा लॉट परत आल्यापासून ‘कलाशिक्षणाचे फायदे’ असं कोणी बोलायला लागलं की मी जरा सावध होतो. चित्र काढल्याने गणित सुधारतं म्हणे. गाण्याने एकाग्रता वाढते म्हणे. ॲनिमेशनमध्ये करिअर आहे म्हणे. असेलही. पण इतिहासाला कोणी विचारतं का, तुझ्यामुळे रसायनशास्त्र सुधारतं का म्हणून? कलेलाच दर वेळी दुसऱ्याच्या दारात उभं राहून ओळखपत्र दाखवावं लागतं. आणि ज्या गोष्टीसाठी ती शाळेत हवी, ती म्हणजे समोर जे आहे ते बघायची सवय, तिचं नाव कोणी काढत नाही. ती सवय ए ग्रेडने लागत नाही. माझ्याकडे बघा.

कागदावर सगळं आहे. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तर कलेला शिक्षक हवा असं आहे. मात्र ‘अर्धवेळ’. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तर म्हणतं की कला आणि विज्ञान, अभ्यास आणि अभ्यासेतर अशा भिंतीच नकोत. वाचून बरं वाटतं. प्रत्यक्षात माझ्या लेकीच्या शाळेत भिंत अशी पाडली : अपूर्णांकाच्या तक्त्याला चारी बाजूंनी वारलीची किनार. ती किनार कॉलेज रोडवरच्या स्टेशनरीच्या दुकानात स्टिकर म्हणून मिळते. सुरगाणा, पेठ आमच्याच जिल्ह्यातले तालुके. तिथल्या वारली घरांत लग्नाच्या वेळी सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, मधोमध पालघट देवी बसते, आणि चौक झाल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. त्या चित्राला तिथे काम आहे. आमच्या तक्त्यावर त्याला काम नव्हतं. पाव आणि अर्ध्याभोवती ती माणसं नुसती नाचत होती. पूर्ण गुण मिळाले.

आणि शिक्षक? आमच्या सरांची मला आठवणारी अर्धी कामं चित्रकलेची नव्हती. फळ्यावर सुविचार, पाहुण्यांसाठी स्वागताची रांगोळी, स्नेहसंमेलनाचा पडदा, निकालपत्रकांवर वळणदार अक्षरात नावं, निवडणुकीच्या कामाला सगळ्यांत आधी त्यांची नेमणूक. दिवाळीनंतर दहावीचे तास गणिताला जायचे, मग नववीचे, मग आमचे. गणिताच्या बाई दारात येऊन म्हणायच्या, “सर, आजचा तास घेऊ का?” आणि सर पिशवी उचलायचे. एकदा पिशवीत वांगी होती. आमच्यासाठी आणलेली, देठासकट, जांभळ्या रंगावरचा उजेड दाखवायला. ती तशीच घरी गेली. त्यांची भाजी झाली असणार. आम्हाला तेव्हा तास बुडाल्याचं दुःख झालं नव्हतं, उलट आम्ही चित्रकलेच्या तासाला ‘ऑफ तास’ म्हणायचो. सर हे ऐकत असतील, हे आत्ता हे लिहिताना लक्षात आलं.

तर क्लासच्या निरोपानंतरच्या रविवारी मी लेकीला म्हटलं, चल गंगेवर. ती तयार नव्हती. सीन राहिलेत म्हणाली. बसस्टॉप अजून पाठ झाला नव्हता. शेवटी परतताना मिसळ या बोलीवर आली. पाऊस उघडला होता. रामकुंडाच्या खालच्या अंगाला, यशवंतराव महाराज पटांगणाच्या बाजूला पायरीवर बसलो. नाशिकच्या जलरंगवाल्या चित्रकारांच्या पिढ्या या घाटावर बसल्या. शिवाजी तुप्यांची घाटाची चित्रं मी कॅलेंडरवर बघत मोठा झालो. हे सगळं मी तिला सांगायला लागलो तर तिने तोंड वाकडं केलं, म्हणून गप्प बसलो.

अर्धा तास तिने काहीच काढलं नाही. मांडीवर पॅड, हातात फोर बी पेन्सिल, आणि नजर मिसळीच्या दिशेने. मग म्हणाली, “बाबा, हे कुठल्या सीनमध्ये येतं?”

“कुठल्याच नाही.”

“मग काय काढू?”

मला सर आठवले, पण ‘काढ’ एवढंच म्हणायचं धाडस मला झालं नाही. म्हटलं, “तो बघ.” समोर दहा-बारा वर्षांचा एक पोरगा गुडघाभर पाण्यात उभा होता. दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात फेकत होता आणि ओढत होता. भाविकांनी टाकलेली नाणी चुंबकाला चिकटून येतात. घाटावर अशी पोरं कायम असतात. त्याने सदरा डोक्याला गुंडाळला होता आणि तोंडात एक नाणं धरलं होतं, बहुधा हात मोकळे नाहीत म्हणून.

तिने सुरुवात केली. पाठमोरा काढला, अर्थात. क्लासचा पाठमोरा म्हातारा जरा लहान करून. मग थांबली. पुन्हा बघितलं. कंपासपेटीतून पट्टी काढून त्याच्या हातापासून पाण्यापर्यंत दोरीची सरळ रेघ मारली. पुन्हा बघितलं. बराच वेळ बघत राहिली.

“बाबा, दोरी सरळ नाहीये.”

“नाही?”

“मध्ये झोळ पडलाय. पण तो तर ओढतोय. ओढल्यावर सरळ व्हायला पाहिजे ना?”

“बघ ना.”

तिने खोडरबर घेतला, मी तो काढून खिशात टाकला. चिडली. पण सरळ रेघेच्या शेजारी झोळाची रेघ मारली, हलक्या हाताने, मान तिरकी करून. मग तिसरी. या वेळी पट्टी बाजूला पडलेली होती.

थोड्या वेळाने विचारलंच तिने, “परीक्षेत हा काढला तर ए मिळेल?”

मला माहीत नव्हतं. परीक्षकाने पाठमोऱ्या म्हाताऱ्यांच्या गठ्ठ्यात हे पोरगं बघितलं तर त्याला बरं वाटेल, की हा विषयात बसत नाही असं तो म्हणेल? सात गुण म्हणजे किती ते बायकोने मला अकरावीच्या प्रवेशाच्या हिशेबात समजावून दिलेलं आहे. कणीसवाल्याला किती गुण मिळाले असते, हे मी कधी करून बघितलं नाही. मी म्हटलं, “बसस्टॉपही पाठ कर.” असं म्हणताना मला माझीच लाज वाटली, आणि तिने ते ऐकलंही नाही.

“अरे! हलला तो!” ती ओरडली. पोरगा दोन पायऱ्या पलीकडे सरकला होता. एक हात वर, एक पाय आता पायरीवर.

“हलणारच.”

ती पुटपुटत त्याच कागदावर बाजूला दुसरा पोरगा काढायला लागली. तो पुरा व्हायच्या आत तो पुन्हा सरकला. मग तिसरा. मिसळीचं नाव तिने काढलं नाही, मीही नाही. आम्ही उठलो तेव्हा दहा वाजून गेले होते, पायरी तापली होती, आणि कागदावर चार अर्धवट पोरं होती आणि एक दोरी, पुरी, झोळासकट.